ऑनलाइन गटात रोजची सामान्यज्ञान प्रश्नमंजूषा: सुरू कशी करावी, खेळावी कशी आणि टिकवावी कशी

‘भारतातील पहिली रेल्वे कधी धावली?’ हा प्रश्न गटात विचारला की बहुतेक जण १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, असे उत्तर देतात आणि प्रश्नकर्ता निश्चिंत होतो. तेवढ्यात एखादा वाचक सदस्य लिहितो की १८५१ मध्येच रूडकीजवळ गंगा कालव्याच्या बांधकामासाठी माती वाहणारी गाडी वाफेच्या इंजिनावर चालली होती. त्याचे म्हणणे बरोबर असते. पुढचा अर्धा तास वादात जातो, गुण कोणाला द्यायचे हे ठरत नाही आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीन जण खेळायला येत नाहीत. प्रश्नात ‘पहिली प्रवासी रेल्वे’ असे लिहिले असते तर यातले काहीच घडले नसते. रोजची प्रश्नमंजूषा चालते किंवा बंद पडते ती बहुधा अशा एका शब्दामुळे, म्हणून या लेखात साधनांपेक्षा प्रश्नांविषयी अधिक लिहिले आहे.

गट आणि वेळ

सुरुवात १० ते २० ओळखीच्या माणसांपासून करावी. त्यात निवृत्त शिक्षक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, बँकेत नोकरी करणारी मावशी, परदेशी गेलेला भाचा अशी सरमिसळ असेल तर उत्तम, कारण सगळे एकाच क्षेत्रातले असले की प्रश्नही हळूहळू त्याच क्षेत्राकडे झुकतात. गप्पांसाठी असलेल्या जुन्या कौटुंबिक गटात प्रश्नमंजूषा चालवू नये. सुप्रभातचे संदेश, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि पुढे ढकललेले व्हिडिओ यांच्या गर्दीत प्रश्न हरवतो आणि ज्यांना खेळायचे नाही त्यांना त्रास होतो. स्वतंत्र गट करावा आणि त्यात प्रश्न, उत्तरे आणि उत्तरांवरील चर्चा यांखेरीज काहीही टाकायचे नाही, हा नियम पहिल्याच दिवशी वर चिकटवून ठेवावा.

वेळ ठरवताना सदस्य कोठे राहतात ते पाहावे. भारतात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात, लंडनमध्ये उन्हाळ्यात साडेचार व हिवाळ्यात साडेतीन, आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेअकरा किंवा साडेदहा झालेले असतात. सिडनीत मात्र मध्यरात्र उलटून गेलेली असते. सगळे महाराष्ट्रात किंवा गोव्यात असतील तर जेवणानंतरची ठरावीक वेळ ठेवून थेट खेळ घ्यावा. सदस्य अनेक देशांत विखुरलेले असतील तर प्रश्न एका वेळी टाकून उत्तरांसाठी पूर्ण २४ तास द्यावेत. दोन्हींची सरमिसळ करू नये, कारण आधी उत्तर देणाऱ्याला अधिक गुण आणि परदेशातल्यांना सवलत असे नियम गुंतत जातात आणि गुणफलकावरचा विश्वास उडतो.

माध्यम

व्हॉट्सॲप सर्वांकडे असते, म्हणून पहिला विचार त्याचाच होतो. त्यातल्या मतदानात १२ पर्यंत पर्याय देता येतात, परंतु नेहमीच्या मतदानात कोणी कोणता पर्याय निवडला हे इतरांना दिसते आणि मत बदलताही येते. गटातल्या हुशार माणसाने काय निवडले ते पाहून बाकीचे त्याच्या मागे जातात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर खेळायचे असेल तर उत्तरे गटात न देता प्रश्नकर्त्याला खासगी संदेशाने पाठवण्याची पद्धत ठेवावी. २० जणांचे २० संदेश तपासायला रोज साधारण १५ मिनिटे लागतात, आणि ती देण्याची तयारी हवी.

टेलिग्राममध्ये मतदानाला प्रश्नमंजूषेचे रूप देण्याची सोय जानेवारी २०२० पासून आहे. त्यात एकच उत्तर बरोबर म्हणून नोंदवता येते, एकदा दिलेले उत्तर बदलता येत नाही आणि उत्तर दिल्याबरोबर बरोबर की चूक हे कळते. दिव्याच्या चिन्हामागे थोडक्यात स्पष्टीकरणही ठेवता येते. प्रश्न आधीच तयार करून पाठवण्याची वेळ लावून ठेवता येते, हा नोकरी करणाऱ्या प्रश्नकर्त्याला मोठाच दिलासा आहे. आणखी एक मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो: व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना दिसतो, तर टेलिग्राममध्ये तो लपवून वापरकर्तानावाने खेळता येते. अनोळखी लोक गटात येणार असतील तर विशेषतः महिला सदस्यांच्या दृष्टीने हा फरक आधीच ध्यानात घ्यावा.

तिसरा मार्ग गूगल फॉर्मचा आहे. त्यात प्रत्येक उत्तराची वेळ नोंदली जाते, गुण आपोआप मोजले जातात आणि सगळी माहिती तक्त्यात साठते. मात्र टंकलिखित उत्तर आपोआप तपासताना फॉर्म अक्षरन् अक्षर जुळवून पाहतो. राज्यपुष्पाच्या प्रश्नाला कोणी ‘ताम्हण’, कोणी ‘तामण’ तर कोणी ‘जारूल’ लिहील आणि तिन्ही बरोबर असूनही दोन चुकीची ठरतील. म्हणून सर्व रूपे उत्तरसूचीत आधीच भरावीत किंवा अशा प्रश्नांची तपासणी हातानेच करावी.

प्रश्न तयार करणे

रोज पाच प्रश्न पुरेसे होतात. दहा प्रश्नांचा उत्साह दोन आठवडे टिकतो, पाच प्रश्न वर्षभर चालतात. तरीही महिन्याला १५० प्रश्न लागतात हा हिशोब आधीच मांडावा आणि गट सुरू करण्यापूर्वी किमान दोन आठवड्यांचे, म्हणजे ७० प्रश्न लिहून, तपासून हाताशी ठेवावेत.

प्रश्न लिहिण्याची सुरुवात उत्तरापासून करावी. आधी एक अशी गोष्ट निवडावी जी कळल्यावर माणसाला ‘अरे, हे मला ठाऊक असायला हवे होते’ असे वाटेल, आणि मग तिच्याकडे जाणाऱ्या दोन वाटा प्रश्नात ठेवाव्यात: एक वाचनातून जाणारी, दुसरी विचारातून. ‘जिंजीचा किल्ला कोणत्या राज्यात आहे?’ हा प्रश्न वाईट नाही, पण तो ज्याला येतो त्याला येतो आणि ज्याला येत नाही त्याच्यापुढे भिंत उभी राहते. तोच विषय असा विचारून पाहावा: ‘जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत. महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला कोणता?’ आता ज्याने बातमी वाचली तो सरळ उत्तर देईल. ज्याने वाचली नाही तो आठवू लागेल की मराठ्यांचा राज्यकारभार महाराष्ट्राबाहेरच्या किल्ल्यावरून केव्हा चालला, मग छत्रपती राजाराम महाराजांचा दक्षिणेतला प्रवास आठवेल आणि तो जिंजीपर्यंत पोहोचेल. उत्तर न येणाऱ्यालाही ते काढता येईल अशी आशा वाटणे, हीच माझ्या मते चांगल्या प्रश्नाची खूण आहे.

गोव्याचा एक प्रश्न मला फार आवडतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला, त्यात एका बाजूला ‘फूल’ आणि दुसऱ्या बाजूला ‘दोन पाने’ ही चिन्हे होती. दोन पानांवर शिक्का मारणाऱ्याला काय हवे होते? उत्तर असे की त्याला महाराष्ट्रात विलीन न होता केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे होते. चिन्हांची माहिती नसलेला माणूसही कौलाचा निकाल आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले ही गोष्ट जोडून तर्क लावू शकतो. शिवाय या प्रश्नानंतर गोव्याचे सदस्य आपल्या आजीआजोबांनी कोणत्या चिन्हावर शिक्का मारला ते सांगू लागतात आणि त्या संध्याकाळी गुणांची कोणालाच आठवण राहत नाही.

केवळ आकडा विचारणारे प्रश्न टाळावेत. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे हे पाठ असणे म्हणजे ज्ञान आणि ‘साडेसोळाशेच्या आसपास’ म्हणणे म्हणजे अज्ञान, असे होऊ नये. आकडे बरोबरी सोडवण्यासाठी ठेवावेत. दोघांचे गुण समान झाले की गोदावरीची लांबी विचारावी आणि १,४६५ किलोमीटरच्या सर्वांत जवळ जो जाईल त्याला पुढे धरावे.

पर्याय द्यायचे असतील तर चारही एकाच जातकुळीचे हवेत. जिंजीच्या प्रश्नाला वेल्लोर, चंद्रगिरी आणि तंजावर हे पर्याय शोभतात, कारण दक्षिणेतली ती सगळी ठिकाणे खेळणाऱ्याला थांबून विचार करायला लावतात. तेथे दिल्लीचा लाल किल्ला घातला तर एक पर्याय फुकट जातो. नवा प्रश्नकर्ता बरोबर उत्तर तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो आणि ते इतरांपेक्षा लांब, काटेकोर शब्दांत लिहितो, असे मी अनेकदा पाहिले आहे. चाणाक्ष सदस्य आठवड्याभरात हे हेरतात. पर्यायांची लांबी सारखी ठेवावी आणि क्रम चिठ्ठी टाकून ठरवावा.

पाच प्रश्नांची चढण अशी असावी की पहिला दहापैकी आठांना यावा आणि शेवटचा एखाददुसऱ्यालाच. ज्याला पाचही चुकले तो उद्या येत नाही, म्हणून पहिला सोपा प्रश्न हा उपकार नसून आवश्यकता आहे. वीसपैकी एकालाही उत्तर आले नाही तर ते खेळणाऱ्यांचे अपयश मानू नये, प्रश्नकर्त्याने आपला प्रश्न पुन्हा वाचावा.

पडताळणी

प्रश्नातली प्रत्येक गोष्ट दोन स्वतंत्र ठिकाणी तपासल्याशिवाय प्रश्न गटात टाकू नये. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण दहा संकेतस्थळांनी एकाच ठिकाणाहून उचललेली चूक दहा वेळा दिसली तरी ती एकच चूक असते. इतिहास, भूगोल, विज्ञानातील संकल्पना आणि चरित्रे यांसाठी मराठी विश्वकोश हा आपल्या भाषेतला भरवशाचा आधार आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून सुरू झालेले ते २० खंडांचे काम आज आंतरजालावर विनामूल्य वाचता येते. मात्र त्याचा पहिला खंड १९७६ चा आहे, त्यामुळे लोकसंख्या, जिल्ह्यांची संख्या, विक्रम असे बदलते तपशील तेथून घेऊ नयेत. विकिपीडियावरील माहिती घेताना त्या वाक्याखालचा मूळ संदर्भ उघडून पाहावा. संगणकीय संवादसाधनांकडून (एआय चॅटबॉटकडून) प्रश्न तयार करून घेण्याचा मोह हल्ली सर्वांना होतो. ती साधने चुकीची माहितीही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतात, म्हणून त्यांनी दिलेला प्रत्येक प्रश्न न तपासलेला असे समजूनच हाताळावा.

बदलत्या गोष्टींचा प्रश्न विचारताना तारीख प्रश्नातच लिहावी. शनीचे ज्ञात उपग्रह २०२३ मध्ये १४५ झाले आणि मार्च २०२५ मध्ये ती संख्या २७४ वर गेली. जुन्या पुस्तकातून घेतलेला प्रश्न येथे हमखास फसतो. महाराष्ट्रात ३५ जिल्हे असे उत्तर अजूनही ऐकू येते, परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यापासून ती संख्या ३६ आहे. स्थळांची नावे बदलली असतील तर अहिल्यानगर आणि अहमदनगर, धाराशिव आणि उस्मानाबाद ही दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत, आणि या नावांवरून गटात वाद होऊ देऊ नये.

सर्वांत घातक असतात ते वर्षानुवर्षे खरे मानले गेलेले चुकीचे प्रश्न. ‘भारताची राष्ट्रभाषा कोणती?’ हा त्यांतला अग्रणी. संविधानाने कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा म्हटलेले नाही. कलम ३४३ देवनागरी लिपीतील हिंदीला संघराज्याची राजभाषा ठरवते. चीनची भिंत चंद्रावरून डोळ्यांना दिसते हेही असेच खोटे आहे. अशा समजुती प्रश्न म्हणून टाकून द्याव्यात असे मात्र नाही. ‘पुढीलपैकी कोणते विधान चूक आहे?’ अशा रूपात त्या विचारल्या तर त्या फार उपयोगी पडतात.

गुण, आक्षेप आणि प्रामाणिकपणा

बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला शून्य आणि महिन्याअखेर नव्याने सुरुवात, एवढी साधी पद्धत पहिले तीन महिने ठेवावी. महिन्याला गुणफलक पुसला नाही तर फेब्रुवारीत आलेल्या सदस्याला वर्षभर तळाशीच राहावे लागते. उणे गुण नकोत. त्यामुळे लोक तर्क लावायचे सोडतात, आणि तर्क लावायला लोक धजावावेत हाच तर आपला हेतू आहे.

गट स्थिरावल्यावर रविवारी सामन्याचा प्रकार करून पाहावा. अमेरिकेत १९९७ पासून चालणाऱ्या ‘लर्न्ड लीग’ या ऑनलाइन स्पर्धेत रोज सहा प्रश्न आणि एक प्रतिस्पर्धी असतो. आपली उत्तरे देतानाच प्रतिस्पर्ध्याच्या सहा प्रश्नांना आपण ०, १, १, २, २ आणि ३ अशी किंमत वाटून द्यायची असते. त्याला जे सहज येईल असे वाटते त्याला शून्य, जे अडवेल त्याला तीन. सहाही बरोबर आले तरी नऊच गुण मिळतात आणि कमी उत्तरे येणाराही नीट अंदाज बांधून जिंकू शकतो. यासाठी समोरच्या माणसाला काय येते याचा विचार करावा लागतो, आणि म्हणूनच मराठी गटांत हा प्रकार रंगतो: काकांना नाट्यसंगीत येणारच, पण फुटबॉल नक्की अडवेल, हे भाच्याला पक्के ठाऊक असते.

आक्षेपांसाठी उत्तर जाहीर झाल्यापासून २४ तासांची मुदत ठेवावी. आक्षेप घेणाऱ्याने आधार द्यावा, प्रश्नकर्त्याने तो वाचून त्याच दिवशी निर्णय द्यावा. प्रश्नच सदोष निघाला तर सर्वांना गुण वाटण्यापेक्षा तो प्रश्न बाद करावा आणि चूक गटात स्पष्ट शब्दांत कबूल करावी. मी स्वतः एकदा चुकीचे उत्तर रेटून धरले होते. आठवड्याभरात दोन उत्तम खेळाडू गट सोडून गेले आणि ते परत आले नाहीत.

गूगलवर शोधून उत्तरे देणाऱ्यांचे काय, हा प्रश्न प्रत्येक गटात निघतो. पाळत ठेवून तो सुटत नाही. टेलिग्रामच्या क्विझबॉट या प्रश्नमंजूषा घेणाऱ्या स्वयंचलित खात्यावर प्रत्येक प्रश्नाला काही सेकंदांची मुदत लावता येते, त्याने थोडा आळा बसतो. तीन सुगावे देऊन त्यांना जोडणारा दुवा विचारणारे प्रश्न शोधयंत्राला जरा कठीण जातात. ‘साहिब, सिंध आणि सुलतान’ या तिघांचा दुवा (१८५३ च्या पहिल्या प्रवासी रेल्वेची तीन इंजिने) विचारला तर तो शोधणेही सोपेच आहे, पण सुगावे थोडे अधिक आडवळणाचे निवडले की विचार करणारा शोधणाऱ्याच्या पुढे जातो. तरीही खरा आधार विश्वासाचा आहे. उत्तर न शोधता खेळणे हा नियम सुरुवातीला एकदा सांगावा आणि त्यानंतर कोणावरही जाहीर संशय घेऊ नये.

उत्तराचे दोन ओळींचे स्पष्टीकरण

हा भाग बहुतेक गटांत राहून जातो आणि माझ्या मते सगळ्या खेळाचे सार यातच आहे. ‘उत्तर: लोणार’ एवढेच लिहिणे म्हणजे पान वाढून जेवण न वाढण्यासारखे आहे. त्याऐवजी असे लिहावे: ‘बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर उल्का आदळून बेसॉल्ट खडकात तयार झालेल्या विवरात आहे. त्याचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, आणि २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला.’ ज्याचे उत्तर चुकले त्याच्या हाती यातून काहीतरी लागते आणि पुढे कधी बेसॉल्ट, रामसर किंवा उल्का यांवर प्रश्न आला की त्याला ते आठवते. स्पष्टीकरणात तीन वाक्यांपेक्षा अधिक लिहू नये. ज्यांना आणखी सांगायचे आहे ते सांगतातच.

खेळणाऱ्यांसाठी

उत्तर ठाऊक नसले तरी रिकामे सोडू नये. आधी प्रश्नातले वर्ष, स्थळ आणि ‘एकमेव’, ‘पहिला’, ‘सध्याचा’ असे शब्द वेगळे काढावेत, कारण प्रश्नकर्त्याने ते सहेतुक ठेवलेले असतात. मग अशक्य पर्याय बाद करावेत आणि उरलेल्यांत निवड करावी. पर्याय पाहण्यापूर्वी मनात उत्तर धरण्याची सवय लावली तर स्मरण अधिक पक्के होते.

चुकलेले प्रश्न एका वहीत उतरवावेत आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, उत्तर झाकून, स्वतःलाच पुन्हा विचारावेत. नव्याने शिकलेले सुरुवातीला भराभर विसरले जाते आणि अंतराने केलेल्या उजळणीने ते टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. नुसते वाचण्यापेक्षा आठवण्याचा प्रयत्न करणे अधिक उपयोगी ठरते. तेव्हा वही वाचू नये, तिच्यातून स्वतःची परीक्षा घ्यावी. गटानेही शनिवारी आठवड्यातले सर्वांत जास्त चुकलेले पाच प्रश्न थोडे बदलून पुन्हा विचारावेत. त्या दिवशी प्रश्नकर्त्याला नवे प्रश्न लिहावे लागत नाहीत, हाही लाभच.

गट टिकवणे

एकाच माणसावर सगळा भार असलेला गट साधारण त्या माणसाच्या पहिल्या आजारपणात किंवा घरच्या लग्नात बंद पडतो. म्हणून दुसऱ्या महिन्यापासून प्रश्नकर्ते वाढवावेत आणि प्रत्येकाला आठवड्याचा एक वार द्यावा. ज्याच्याकडे वार असेल त्याने त्या दिवशी खेळू नये आणि त्याला त्या महिन्यातल्या आपल्या सरासरीइतके गुण द्यावेत, म्हणजे प्रश्न लिहिणे तोट्याचे ठरत नाही. नव्या प्रश्नकर्त्याचे पहिले दहा प्रश्न जुन्याने आधी वाचून पाहावेत, पण प्रश्नाची चव बदलू नये. कोल्हापूरच्या कुस्तीवर प्रेम करणाऱ्याने कुस्तीचे, आणि मस्कतहून खेळणाऱ्याने आखाती समुद्राचे प्रश्न आणले की गटाला स्वतःचा चेहरा येतो.

सर्व प्रश्नांचा एक सामाईक तक्ता ठेवावा. त्यात प्रश्न, उत्तर, ग्राह्य पर्यायी उत्तरे, आधार, विचारल्याची तारीख आणि किती जणांना उत्तर आले हे सहा रकाने असावेत. शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण दोन महिन्यांनी त्यातूनच कळते की आपल्या गटाला विज्ञान अवघड जाते की क्रीडा, आणि पुढच्या सोमवारचा पहिला सोपा प्रश्न कोणत्या विषयावर टाकायचा.